उसाचं बिल, दुधाचा पगार आणि आईची झोप

घर, पैसा आणि मन : भाग 5

मागच्या भागात आपण घरातल्या कर्त्या पुरुषाच्या कर्जाविषयी बोललो. ते कर्ज सातबाऱ्यावर दिसतं, सोसायटीच्या वहीत दिसतं. आज त्याच घरातल्या आईकडे येऊ. जमीन बहुधा तिच्या नावावर नसते, उसाची नोंदही नसते. महिना मात्र तिलाच ओढायचा असतो.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, घरात पैसा दोन चालींनी येतो. पहिली चाल उसाची. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तुटायला 16 ते 18 महिने लागतात. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती, कारखाना कुठलाही असो, बिल मोठं दिसतं. पण त्यातून आधी सोसायटीची कपात होते आणि उरलेलं नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या खात्यावर जातं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. कायदा हे 14 दिवस मोजतो. त्याआधीचे 16 महिने स्वयंपाकघरात मोजले जातात.

दुसरी चाल दुधाची. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो आणि किराणा, शाळेची फी, सासूची औषधं त्यावरच चालतात. सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागात तर उसाचा आधारच नाही. सगळा भार गोठ्यावर. दुधाचा दर लिटरमागे तीन रुपयांनी उतरला, की दुकानाच्या उधारीचं पान वाढतं. दुकानात पोरगं पाठवायचं की स्वतः जायचं, हा हिशेबही आईच करते.

या ताणाने डोक्याचं काय होतं, याचा एक अभ्यास नेमका ऊस उत्पादकांवरच झाला आहे. तमिळनाडूतल्या 464 शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या तोडीच्या आधी आणि नंतर घेतल्या. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तोडीआधी 100 पैकी 78 जणांची काही ना काही वस्तू गहाण होती, तोडीनंतर फक्त 4 जणांची. तीच माणसं पैसे हातात आल्यावर चाचण्यांत सरस ठरली. अक्कल वाढली नव्हती. डोक्यात सतत चाललेली बेरीज-वजाबाकी थांबली होती. ही चाचणी आयांची नव्हती. पण जिच्या डोक्यात हीच बेरीज रोज सकाळी डबा भरताना चालते, तिचं काय होत असेल ते ताडता येतं. गॅसवरचं दूध उतू जातं, पोराला विनाकारण धपाटा बसतो आणि रात्री तीच रडत बसते.

आयांविषयीचा पुरावा गोव्यात सापडतो. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 गरोदर बायकांची नोंद करून बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस केली. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झालं तेव्हा त्यांतल्या 23 टक्के नैराश्यात होत्या. आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी न पटणं, या दोन गोष्टींनी आजार ओढवायचाही आणि लांबायचाही. मुलगी झाली की धोक्यात भर पडायची. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक गोष्ट स्पष्ट केली: बाळंतिणीचं रडणं ‘वाऱ्याचं’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता या दोन चालींमध्ये तिसरी घुसली आहे, गटाच्या कर्जाची. बचत गट वेगळा. हे फायनान्सवाल्यांचं कर्ज, बाईच्या नावावर मिळणारं आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला फिटणारं. पैसा येतो उसाच्या चालीने, हप्ता जातो घड्याळाच्या. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या जणी तिच्या दारात उभ्या राहतात. जिच्याशी मन मोकळं करायचं, तीच शेजारीण वसुलीला येते. पैशाच्या काळजीत लाजेची भर पडते ती इथे.

म्हणून काही नियम ठाऊक असावेत. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये ठरवून दिलं. अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही. हप्ता दोघांनी ठरवलेल्या जागीच घ्यायचा. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा आली नाही, तरच घरी यायची मुभा.

आपल्याकडची बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, घास उतरत नाही, असं म्हणते. हे दोन आठवडे रोज चाललं, तर रक्तवाढीच्या गोळ्यांवर भागवू नये. 14416 हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर त्याच दिवशी न्यावं.

औषधाने झोप परत येईल, हप्ता फिटणार नाही. तो भाग घराचा. या हंगामात बिल आलं की ट्रॅक्टरच्या हप्त्याआधी एक वही काढा. जूनमधल्या शाळेचे, दवाखान्याचे आणि दूध आटलेल्या महिन्यांचे पैसे वेगळे करून तिच्या खात्यावर टाका. रक्कम थोडी असली तरी चालेल. ती कुणाला न विचारता काढता यावी, एवढंच.

पुढच्या भागात : कारखान्याच्या तळावर, कोपीत राहणारी आई. तिने घेतलेली उचल आणि हंगाम संपला तरी न फिटणारं तिचं ओझं.