लेडीज सायकलला बॉटल होल्डर कुठे लावायचा?

उन्हाळ्यात सायकलवर पाणी किती आणि कधी प्यायचं, यावर मागच्या भागात बोललो होतो. त्यावर एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, तू म्हणालास बाटली हाताशी ठेवा. माझी लेडीज सायकल आहे, तिला होल्डरची भोकंच नाहीत. ठेवू कुठे, डोक्यावर?"

प्रश्न रास्त आहे. आणि मला तो जरा लागलाच, कारण मी स्वतः आईची जुनी लेडीज सायकल चालवतो. त्यावर पहिला होल्डर मी दोन झिप टाय आवळून लावला होता. चौथ्या दिवशी एका स्पीड ब्रेकरवर भरलेली बाटली उडाली ती थेट मागून येणाऱ्या स्कूटरच्या पुढ्यात. ते काका पडता पडता वाचले. नंतर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही, पण बरोबर होतं. त्यामुळे आज थोडं सविस्तर.

आधी भोकं का नाहीत ते बघू. नेहमीच्या सायकलला वरचा दांडा, खालचा तिरका पाइप आणि सीटखालचा पाइप असा त्रिकोण असतो. होल्डर त्या त्रिकोणात बसतो: ५ मिमीचे दोन स्क्रू, एकमेकांपासून ६४ मिमीवर. हे माप जवळजवळ सगळीकडे सारखंच, म्हणून कुठलाही होल्डर कुठल्याही सायकलला बसतो. लेडीज सायकलमध्ये पाय पुढून सहज टाकता यावा म्हणून वरचा दांडा खाली आणलेला असतो. म्हणजे त्रिकोण गेला, आणि जी जागा मोकळी दिसते ती तुमच्या पायासाठी मोकळी आहे. तिथे बाटली लावली की चढता-उतरताना चप्पल अडकणार, ड्रेस असेल तर तोही.

"मग भोक पाडून घेऊ का?" नका पाडू. ५ मिमीच्या स्क्रूचा रिव्हनट बसवायला साधारण ७ मिमीचं भोक लागतं. कंपनी भोक देते तेव्हा ते कुठे चालेल याचा हिशोब करून देते. लेडीज फ्रेममध्ये वरचा दांडा नसल्यामुळे खालच्या पाइपांवर आधीच जास्त ताण असतो. तिथे आपण ड्रिल मारलं तर तो ताण भोकाच्या कडेला गोळा होतो, आणि चीर पडायची असेल तर तिथूनच पडते. शंभर-दोनशे रुपयांच्या होल्डरसाठी फ्रेम पणाला लावू नका.

आता जागा. तुमच्या सायकलला पुढे बास्केट असेल तर काम झालंच. बाटली बास्केटमध्ये नुसती टाकू नका, ती आदळत राहते. होल्डरच बास्केटच्या आतल्या बाजूला, हँडलकडच्या जाळीला, चार झिप टायने बांधा. इथे झिप टाय चालतात, कारण एखादा तुटला तरी बाटली बास्केटमध्येच पडते.

बास्केट नसेल तर माझं मत हँडलला. त्यासाठी क्लॅम्पवाला अडॅप्टर मिळतो: एक कडं हँडलभोवती आवळायचं, त्याच्या पट्टीवर होल्डर उभा बसतो. घेण्याआधी हँडलची जाडी मोजा. दोरा गुंडाळून लांबी मोजायची आणि ३.१४ ने भागायचं, शाळेतलं गणित शेवटी कामी येतं. मुठीजवळ हँडल साधारण २२ मिमी असतं, मध्यभागी बऱ्याचदा जाड. क्लॅम्प होईल तितका मध्याजवळ लावा. ७०० मिली पाणी म्हणजे ७०० ग्रॅम, आणि हे वजन मुठीजवळ टांगलं तर हँडल त्या बाजूला ओढतं. एका हाताने चालवताना ते लगेच कळतं.

जुन्या सायकलला वायरऐवजी रॉडचे ब्रेक असतील तर जरा थांबा. ब्रेक दाबला की हँडलखालचे रॉड वर सरकतात. क्लॅम्पने तो रस्ता अडवला तर ब्रेक अर्धाच लागेल. कडं आवळण्याआधी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून बघा.

तिसरी जागा सीटखालचा उभा पाइप, पुढच्या बाजूने. पाय टाकायची जागा थोडी कमी होते, पण काही फ्रेमना चालतं. इथे हार्डवेअरच्या दुकानातून दोन होज क्लिप आणा, पाण्याच्या पाइपला लावतात त्याच. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी मागा, बहुतेक फुकट देतात. आधी पाइपवर रबर, त्यावर होल्डरची पाठ, त्यावरून क्लिपा. क्लिपचा स्क्रू बाजूला किंवा मागे ठेवा आणि पट्टीचं उरलेलं टोक कापून घासा, नाहीतर पोटरी कापेल. रबर दबेपर्यंतच आवळा, पाइप दबेपर्यंत नाही. पॅडल पूर्ण फिरवून टाच कुठे लागत नाही ना, हेही बघा.

खालच्या पाइपच्या पोटाला होल्डर लावलेला इंटरनेटवर दिसतो. आपल्याकडे पावसाळ्यात पुढचं चाक जे काही उडवतं ते सगळं बाटलीच्या तोंडावर जाईल. मी तरी ते पाणी पिणार नाही.

आणि एक, गर्दीच्या रस्त्यावर चालत्या सायकलवर पाणी पिऊच नका. थांबूनच पिणार असाल तर मागच्या कॅरिअरवर घट्ट बांधलेली पिशवीसुद्धा पुरते, खर्च शून्य.

बाटलीचंही बघा. होल्डर साधारण ७४ मिमी व्यासाच्या सायकलच्या बाटलीसाठी बनतात. घरची स्टीलची बाटली त्यात खुळखुळते आणि घसरते. तीच वापरायची असेल तर तिच्यावर ट्यूबचं कडं चढवा.

शेवटी टेस्टिंग. बाटली पूर्ण भरा, रिकामी बाटली सगळ्यात पास होते. हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, केबल ताणली जाते का बघा. मग पुढचं चाक वीतभर उचलून खाली सोडा, पंधरा-वीस वेळा. बाटली वर सरकली किंवा होल्डर फिरला तर अजून रस्त्यावर जायचं नाही. पास झालात तर गल्लीतला स्पीड ब्रेकर, मागे कोणी नसताना. रबर आठवड्याभरात थोडं बसतं, तेव्हा पुढच्या रविवारी स्क्रू पुन्हा अर्धा फेरा आवळा.