पेव, बळद आणि बंडा : विदर्भातील शेतवास्तूंचा आढावा

विदर्भातल्या शेतीची सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे खळे, आणि त्याला ना भिंत ना छप्पर. जमीन चोपून, शेणाने सारवून केलेले वर्तुळ, मधोमध रोवलेला तिवडा आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात, एवढाच त्याचा पसारा. ज्वारी निघते तेव्हा पावसाळा सरलेला असतो आणि मार्गशीर्ष-पौषातले आभाळ बहुधा कोरडे असते, त्यामुळे मळणी आणि उफणणी उघड्यावरच उरकत असे. इंग्लंडमध्ये नेमके हेच जमत नसे. तिथल्या ओल्या हिवाळ्यात पिकाच्या पेंढ्या छपराखाली नेऊन कित्येक आठवडे झोडपाव्या लागत. म्हणून समोरासमोर दोन मोठी दारे आणि त्यांच्यामध्ये मळणीची जागा असलेली अवाढव्य कोठारे तिथे उभी राहिली. लंडनजवळच्या हार्मंड्सवर्थचे पंधराव्या शतकातले लाकडी कोठार सुमारे 58 मीटर लांब आहे. विदर्भात तसली इमारत शोधूनही सापडणार नाही, कारण तिची गरजच नव्हती. इथल्या बांधकामाला दोनच चिंता होत्या : धान्य आणि ढोरे.

धान्य साठवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील घरांशेजारी धान्याचे खड्डे आणि कणग्या ठेवण्याचे गोल ओटे मिळाले. पेव हा त्याच कुळातला, जमिनीत खणलेला प्रकार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे आणि पोट रांजणासारखे रुंद. काळ्या मातीत पाणी मुरते, म्हणून पेवाला मुरमाची, उंचावरची जागा शोधत. आतून लिंपून, तळाला व कडेला कडबा किंवा कुटार पसरून ज्वारी भरली की तोंडावर दगड ठेवून ते मातीने बंद करत. कोंडलेल्या धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू घटतो आणि किडीला जगता येत नाही. माणसालाही नाही. उघडल्या उघडल्या पेवात उतरलेली माणसे गुदमरून दगावल्याच्या घटना जुन्या गावांना नव्या नव्हत्या. म्हणून आधी तोंड बराच वेळ उघडे ठेवत, दिवा सोडून पाहत. कडेचे दाणे ओलीने काळे पडत, त्यांना वास येई. पण दुष्काळी वर्षात तेवढे सोसायची लोकांची तयारी असे.

घरातली साठवण म्हणजे बळद. चारी बाजूंनी मातीच्या जाड भिंती, दार नाही. धान्य वरच्या माळ्यावरून ओतायचे आणि तळाशी असलेल्या भोकाचा बोळा काढून लागेल तेवढे घ्यायचे. रचना साधी, पण हुशार : जुने धान्य आधी बाहेर येते. ज्यांना बळद परवडत नसे त्यांच्याकडे बांबूची, शेणमातीने लिंपलेली कणगी असे, दगडांवर टेकवलेली. उंदरांपासून बचावासाठी इंग्लंडमध्येही धान्याच्या खोल्या छत्रीच्या आकाराच्या दगडी खांबांवर उचललेल्या असत.

भिंतींचे गणित मातीवर ठरे. शेताची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीला ती कामाची नाही. त्यासाठी गावठाणातली पांढरी वापरत. पश्चिमेकडे बुलढाणा-अकोल्यात पाऊस कमी, म्हणून मयालींवर फळ्या आणि वर मातीचा थर असलेली धाब्याची घरे आणि तशाच छपराचे गोठे. नागपूरपासून पूर्वेला पाऊस वाढत जातो, तसे उतरते छप्पर आणि कवेलू दिसू लागतात. पुढे मंगळूरी कवेलू आले. गावाने त्यांना इंग्रजी कवेलू म्हटले. गोठ्यात गव्हाणीचा कठडा, दावण, मुतारीचा उतार आणि बाहेर उकंडा, एवढी व्यवस्था सगळीकडे सारखी. वर कडबा रचलेला माळा असला, की उन्हाळ्यात जनावरांना आपोआप गारवा.

इमारतींचा आकार मात्र जमिनीच्या हक्काने ठरला. नागपूर प्रांतात इंग्रजांनी 1860 च्या दशकात मालगुजारांना गावाची मालकी दिली. त्यांच्या वाड्याचे दार बैलबंडी सरळ आत जाईल एवढे, चौकाच्या एका अंगाला कोठार, दुसऱ्या अंगाला गोठे. या कोठारातूनच कुळांना सवाई-दिढीने बियाणे जाई. धान्याची इमारत ही सत्तेचीही इमारत होती. वऱ्हाडात रयतवारी होती. तिथे एवढे मालगुजारी वाडे नाहीत. पाटील-देशमुखांच्या गढ्या आहेत आणि बाकी साध्या शेतकऱ्यांची घरे. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तसे मोठे कोठार रिकामे पडत गेले.

त्याआधीच कापूस आला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 ते 1865 मध्ये मागणी वाढली, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. गंमत अशी, की ज्या पिकाने विदर्भाची ओळख घडवली, त्याने शेतात एकही नवी वास्तू उभी केली नाही. कापसाची इमारत म्हणजे शहरातले जिनिंग. शेतकऱ्याचा कापूस भाव चढेपर्यंत ओसरीत, माजघरात रचलेला, आणि घरचे लोक अंग खाजवत त्याच्या शेजारी झोपलेले. ही स्थिती आजही पुष्कळ घरांत आहे.

माती, बांबू आणि कवेलूंच्या या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती 1936 मध्ये, गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात. आदि निवास आणि बापू कुटी ही वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या घराचीच नेटकी रूपे आहेत.

आता ट्रॅक्टरने बैल कमी केले, मळणीयंत्राने खळे संपवले, सोयाबीन कापणीनंतर थेट बाजार समितीत जाते. शेतात उरला आहे तो सिमेंटच्या विटांचा, टिनाचा बंडा : पंप, खते, फवारे ठेवायला बरा, मे महिन्यात आत उभे राहवत नाही. जुन्या वाड्यांचे सागवानी खांब दलालांमार्फत शहरांत विकले जातात. हार्मंड्सवर्थचे कोठार संरक्षित वारसा म्हणून जपले गेले. विदर्भातल्या बळदांची तर मोजमापेही फारशी कुणी घेतलेली नाहीत. नागपुरातील वास्तुकला महाविद्यालयांनी दरवर्षी एकेका तालुक्याचे वाडे, गोठे, बळदे मोजून नकाशे काढायला हवेत, आणि ज्यांच्या घरी बळद उभे आहे त्यांनी ते पाडण्याआधी निदान या विद्यार्थ्यांना बोलवावे.