सांगण्याचे धैर्य

'हर्पीस' म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना नागीण आठवते. वस्तुतः नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. हर्पीस सिम्प्लेक्स हा त्याच कुळातला, पण निराळा विषाणू. त्याचा पहिला प्रकार बहुधा ओठांवर फोड आणतो, दुसरा जननेंद्रियांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात पहिला प्रकार होता. पुष्कळांना तो लहानपणी घरच्यांच्या पाप्यातूनच मिळतो. तेव्हा हर्पीस म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे.

हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर दबा धरून बसतो आणि अधूनमधून डोके वर काढतो. फोड दिसत नसतानाही तो दुसऱ्यास लागू शकतो. खरी अडचण आहे ती इथे.

आता समजा, असा विषाणू असलेल्या तरुणाचे ज्या मुलीशी सूत जुळले आहे, तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी असे रुग्ण फार काळ जगत नसत. आज ते शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात.

मात्र रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, तर जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती उणावते आणि जखमा सावकाश भरतात. उलट, कोणताही संसर्ग साखर चढवतो. हर्पीसच्या पहिल्या खेपेस ताप येऊ शकतो. अशा वेळी जेवण गेले नाही तरी इन्सुलिन पूर्णपणे बंद करावयाचे नसते. साखर आणि कीटोन वरचेवर तपासावे लागतात आणि उलट्या थांबत नसतील तर ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. म्हणजे धोका आहे, पण तो आटोक्यात ठेवता येण्याजोगा आहे.

उपाय साधे आहेत. फोड असताना किंवा ते येण्यापूर्वीची चुणचुण जाणवताच संबंध व चुंबन टाळावे. निरोधाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसबाबत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाधित जोडीदाराने व्हॅलासायक्लोव्हिर रोज घेतल्यास संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. औषध अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

पण यांतला प्रत्येक उपाय दोघांना ठाऊक असेल तरच उपयोगी. तिची इन्सुलिनची सुई लपत नाही. साखर अचानक उतरली तर काय द्यावे, हे तिने त्याला सांगितलेलेच असते. त्याचा विषाणू मात्र कोणाला दिसत नाही. म्हणूनच बोलण्याची जबाबदारी त्याची, आणि तीही जवळीक होण्यापूर्वी. ऐकून ती कदाचित नकार देईल. तो तिचा अधिकार आहे. ज्याच्या शरीराने जोखीम घ्यावयाची, त्यानेच ती घ्यावी की नाही हे ठरवावे.