छोट्या फ्रेंच गावातलं रात्रीचं जेवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रान्समध्ये कुठेही गेलं तरी चांगलंच जेवायला मिळतं, असं मानणारे बरेच आहेत. छोट्या गावात चांगलं जेवण मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग असतो, असं मानणारेही तितकेच आहेत. दोघांचंही चुकतं, कारण चांगलं जेवण कुठून येतं याकडे दोघंही पाहत नाहीत. छोट्या गावातल्या चांगल्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर लहान असतं. बऱ्याच ठिकाणी नवरा-बायको मिळून ते चालवतात: एक जण चुलीपाशी, दुसरं टेबलांपाशी आणि मदतीला एखादा शिकाऊ. खुर्च्या पंचवीस-तीस. एवढ्या हातांनी रोज ताजा स्वयंपाक करायचा म्हटलं की जेवणाच्या वेळा, सुट्टीचे वार, पदार्थांची संख्या, जागा राखून ठेवण्याची पद्धत हे सगळं त्यातूनच ठरत जातं. बाहेरून येणाऱ्याला हे नियम आडमुठे वाटतात. माझ्या मते चांगल्या जागेची पहिली ओळख तेच नियम पटवतात.

उदाहरणासाठी बर्गंडी प्रांतातलं बोन घेऊ. दिजाँ शहराच्या दक्षिणेला, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत गाठता येणारं, सुमारे २० हजार वस्तीचं हे गाव. १४४३ साली निकोला रोलँ या बर्गंडीच्या चान्सलरने गरिबांसाठी इथे रुग्णालय स्थापन केलं. ओतेल-द्यू नावाच्या त्या इमारतीची रंगीत कौलं पाहायला आणि आसपासच्या द्राक्षमळ्यांतली वाईन चाखायला जगभरातून लोक येतात. म्हणजे उत्तम स्वयंपाकी आणि घाईतले पर्यटक दोन्ही इथे आहेत, आणि त्या दोघांच्या जोरावर चालणारी दोन्ही प्रकारची रेस्टॉरंटंही आहेत.

“भूक लागली की जेवायला जाऊ”

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. फ्रेंच गावात स्वयंपाकघर दिवसभर चालू नसतं. दुपारी साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसात ते नऊ किंवा साडेनऊ, एवढाच वेळ चूल पेटलेली असते. पुण्या-मुंबईच्या सवयीने साडेनऊला बाहेर पडलात तर दिवे चालू दिसतील, माणसं गप्पा मारताना दिसतील, पण तुम्हाला कोणी बसवून घेणार नाही. ती माणसं आठला आलेली असतात. स्वयंपाकी एव्हाना भांडी आवरत असतो, आणि सकाळी बाजाराला जाणाराही तोच असतो.

याच्या उलट बाजूचाही गैरसमज आहे. सात वाजता आत डोकावलं आणि एकही गिऱ्हाईक दिसलं नाही, की ‘इथे कोणी जेवत नाही’ असं म्हणून लोक पुढे जातात. गावातली माणसं आठच्या सुमाराला जेवायला येतात. त्याआधी भरलेली जागा पर्यटकांनी भरलेली असते. ‘स्थानिक जिथे जेवतात तिथे जा’ हा सल्ला चांगला आहे, पण तो घड्याळ पाहूनच वापरावा.

दिवसभर गरम जेवण देणाऱ्या ब्रासरी असतात. त्यांच्या दारावर ‘सेर्व्हिस काँतिन्यू’ असं लिहिलेलं असतं. गाडी चुकली, उशीर झाला, तर त्यांचा आधार मोठा.

“पर्यटकांचं गाव आहे, रोज सगळं उघडंच असेल”

रविवारची रात्र आणि सोमवार हे बहुतेकांच्या सुट्टीचे वार लक्षात ठेवायलाच हवेत. लहान जागेत सगळेच एकत्र काम करतात, त्यामुळे पाळीपाळीने सुट्टी घेता येत नाही. सुट्टी म्हणजे दारच बंद. काही जण मंगळवार-बुधवार धरतात. जानेवारी-फेब्रुवारीत कित्येक जागा आठवडेच्या आठवडे बंद असतात. मोबाइलवर दिसणाऱ्या वेळा बऱ्याचदा जुन्या असतात, म्हणून एक फोन केलेला बरा. गावाच्या पर्यटन कार्यालयात, म्हणजे ‘ऑफिस द तुरिस्म’मध्ये, आज कोण उघडं आहे ते सांगतात. सोमवारी गावात उतरलेल्याने आधी तिथे जावं.

फोन करायचा तो जागा राखण्यासाठीही. संध्याकाळी एक टेबल बहुधा एकाच कुटुंबासाठी असतं, ते उठल्यावर दुसरे बसतील असा हिशेब नसतो. दहा टेबलं असतील तर त्या रात्री दहाच गट जेवणार. आपल्याकडची कुटुंबं आठ-दहा जणांनी मिळून प्रवास करतात, त्यांनी तर दोन-तीन दिवस आधीच सांगायला हवं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनला त्या जुन्या रुग्णालयाच्या वाईनचा लिलाव होतो. १८५९ पासूनची ही प्रथा. त्या शनिवार-रविवारी आयत्या वेळी टेबल मिळण्याची आशाच धरू नये. आणि राखलेल्या जागी जाणं जमत नसेल तर कळवावं, हे मी अगदी कळकळीने सांगते. चोवीस खुर्च्यांच्या जागेत सहा जण आले नाहीत, तर त्या घराची रात्रीची पाव कमाई गेलेली असते.

“जितके जास्त पदार्थ, तितकं मोठं हॉटेल”

दारात उभं राहून पाटी वाचणं ही फ्रान्समधली फार उपयोगी गोष्ट आहे, आणि कायद्याने तुम्हाला तो हक्क दिलेला आहे. पदार्थ आणि किमती बाहेर लावणं बंधनकारक आहे. संध्याकाळी सहापासून तरी त्या दिसल्याच पाहिजेत. म्हणून संध्याकाळी गाव फिरताना पाट्या वाचत जाव्यात आणि जेवायचं ठिकाण पोटात कावळे ओरडायच्या आत ठरवावं.

पाटीवर काय पाहायचं? सुरुवातीचे तीन-चार पदार्थ, मुख्य तीन-चार, गोडाचे तीन-चार, खडूने काळ्या फळीवर लिहिलेले आणि ऋतूला धरून असलेले: वसंतात शतावरीचे कोंब, शरदात रानातली अळंबी. हे दिसलं की खुशाल आत जावं. चाळीस पदार्थांची छापील यादी, त्यात पिझ्झा, बर्गर, सुशी आणि गोगलगायी एकत्र, शेजारी रंगीत फोटो, असं दिसलं तर स्वतःला विचारावं की दोन माणसं हे सगळं रोज ताजं कसं करत असतील. करत नसतात. कारखान्यात शिजवून गोठवलेले किंवा हवाबंद पिशवीत आलेले पदार्थ फ्रान्समध्येही सर्रास मिळतात आणि सर्रास वाढले जातात.

यावर सरकारने २०१४ साली एक खूण आणली: ‘फे मेझाँ’, घरी केलेलं. भांड्यावर झाकणाऐवजी घराचं छप्पर, असं तिचं चित्र. मात्र या खुणेबद्दलही गैरसमज आहे. ही खूण म्हणजे ताज्या मालाची हमी नव्हे. पदार्थ कच्च्या मालापासून त्याच जागी शिजवला आहे, एवढंच ती सांगते. तो कच्चा माल गोठवलेला असू शकतो. ब्रेड, चीज, कच्ची पफ पेस्ट्री बाहेरून आणलेली चालते. गोठवलेल्या तयार फ्रेंच फ्राइजना मात्र ही खूण लावता येत नाही. सगळंच तिथे शिजवलेलं असेल तर खूण एकाच ठिकाणी लावतात, नाहीतर एकेका पदार्थापुढे. चार पदार्थांपुढे खूण आहे आणि उरलेल्या दहांपुढे नाही, तर त्या दहांचं काय ते समजून घ्यावं. एवढं मात्र खरं, की खूण न लावताही मनापासून रांधणारे कित्येक आहेत. फळा तीन ओळींचा असेल तर खुणेची गरजही पडत नाही.

इंग्रजी यादी दिसली की पळ काढावा, असंही काही जण सांगतात. बोनसारख्या गावात हा नियम टिकत नाही. इथे जगभरचे वाईन खरेदीदार येतात आणि त्यांना जेवू घालणाऱ्या उत्तम जागांकडे इंग्रजी यादी असते. सावध व्हायचं ते सहा भाषांत छापून प्लास्टिकमध्ये मढवलेल्या यादीपासून, कारण ती रोज बदलत नाही हे उघड आहे. जागेबद्दलही हेच. ओतेल-द्यूसमोरचं सगळंच टाकाऊ नसतं, पण गावाच्या तटबंदीबाहेरच्या मादलेन चौकापर्यंत पाच-दहा मिनिटं चालून जायची तयारी ठेवावी.

“चांगलं म्हणजे तारेवालं, आणि तारेवालं म्हणजे परवडत नाही”

मिशलँ या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली आणि १९२६ पासून ती रेस्टॉरंटना तारे देऊ लागली. या ताऱ्यांचा आणि छोट्या गावांचा संबंध जुना आहे. पॅरिसहून दक्षिणेला मोटारीने निघालेला माणूस वाटेत जिथे मुक्काम करी, तिथल्या खानावळी नावारूपाला आल्या. सोलिय हे जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं गाव, पण तिथल्या बेर्नार ल्वाझो या स्वयंपाक्याने १९९१ साली तीन तारे मिळवले. बोनपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या शान्यी या लहानशा गावातल्या लामलुआझ या हॉटेलच्या रेस्टॉरंटलाही तीन तारे मिळालेले आहेत. तेव्हा ‘गावातल्या हॉटेलात राहावं, पण जेवायला बाहेर जावं’ हा नियम फ्रान्समध्ये डोळे झाकून पाळू नये. खाली जेवणघर, वर खोल्या अशी कुटुंबाची हॉटेलं ही तिथली जुनी, भरवशाची परंपरा आहे.

आता पैशांचं. तारा नसलेल्या पण माफक दरात चांगलं जेवू घालणाऱ्या जागांना हीच पुस्तिका ‘बिब गुर्मां’ अशी वेगळी खूण देते. आपल्या कामाची ती. दुसरं म्हणजे, फळ्यावर ‘मेन्यू’ किंवा ‘फॉर्म्यूल’ लिहिलेलं असेल तर ते ठरावीक किमतीचं दोन किंवा तीन पदार्थांचं जेवण असतं. सुटे पदार्थ मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि बहुधा ताजंही असतं, कारण स्वयंपाक्याने सकाळचा बाजार त्याच हिशेबाने केलेला असतो. सोमवार ते शुक्रवार दुपारचा फॉर्म्यूल आणखी स्वस्त. महागड्या जागी जेवायची हौस असेल तर ती दुपारी भागवावी.

पाटीवरची किंमत हीच अखेरची किंमत. कर आणि सेवाशुल्क तिच्यातच असतं. आपल्याकडे बिलाखाली जीएसटी वाढतो तसं होत नाही. टीप देणं बंधनकारक नाही. जेवण आवडलं तर दोन-चार युरो ठेवतात. जेवणाबरोबर ब्रेड मिळतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नळाचं पाणीही फुकट, आणि २०२२ पासून तसं यादीवर लिहिणं कायद्याने आवश्यक आहे. मात्र ‘पाणी’ एवढंच म्हटलं तर बाटली येऊ शकते. ‘यून काराफ दो’ म्हणावं. उरलेलं बांधून मागायचा संकोच नको. जुलै २०२१ पासून डबा देणं रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे.

बिल लवकर येत नाही म्हणून आपली माणसं चिडतात. तिथे न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. टेबल रात्रभर तुमचं आहे. निघायचं असेल तेव्हा आपणच मागावं. आत शिरताना ‘बाँस्वार’ म्हटल्याशिवाय मात्र काहीही मागू नये. त्या एका अभिवादनावर पुढची संध्याकाळ बरीचशी अवलंबून असते.

“शाकाहारी माणसाने ब्रेड आणि सॅलडवर दिवस काढायचे”

ही भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं. खरा धोका उपाशी राहण्याचा नसतो. शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थात मांस निघतं, हा धोका खरा. बर्गंडीचा प्रसिद्ध अंड्यांचा पदार्थ, अफ आँ म्यरेत, लाल वाईनच्या रश्शात असतो, आणि त्या रश्शात परंपरेने डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात. मसुराच्या सॅलडमध्ये, हिरव्या पानांच्या सॅलडमध्येही ‘लार्दों’ नावाचे तेच तुकडे येतात. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. गोडाच्या मूसमध्ये जिलेटिन असू शकतं. कोंते, एप्वास अशी परंपरागत चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी चीजचं ताट टाळावं.

‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर मासा किंवा कोंबडी पुढे येऊ शकते. ‘नी व्यांद, नी प्वासों, नी लार्दों’, म्हणजे मांस, मासे आणि डुकराचे तुकडेही नकोत, असं स्पष्ट म्हणावं. आणि हे टेबलावर बसल्यावर सांगण्यापेक्षा जागा राखतानाच सांगावं. इथे लहान स्वयंपाकघर आपल्या बाजूने येतं. पदार्थ तिथेच रांधला जात असेल, तर आदल्या दिवशी कळवल्यावर स्वयंपाकी सायीत भाजलेले बटाटे, अळंबी, ऋतूतल्या भाज्या यांतून पुरेपूर जेवण उभं करतो. पिशवी उघडून गरम करणाऱ्याला ते जमतच नाही. शाकाहार आता तिथे परका राहिलेला नाही; २०१९ पासून फ्रेंच शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देतात. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी मात्र रेस्टॉरंटची आशा न धरता स्वयंपाकाची सोय असलेलं घर भाड्याने घ्यावं, कारण जवळजवळ प्रत्येक फ्रेंच रस्सा कांद्यापासूनच सुरू होतो.

राहिली रविवारची रात्र. फ्रेंच कुटुंबाचं आठवड्यातलं मोठं जेवण रविवारी दुपारी असतं. तेव्हा आपणही दुपारचीच जागा राखावी आणि निवांत तीन-साडेतीनपर्यंत जेवावं. रात्रीसाठी शनिवारी सकाळी बोनच्या मंडईतून फळं, टोमॅटो, चीज घेऊन ठेवावं. ब्रेड रविवारी सकाळी घ्यावा, कारण दुपारनंतर बेकऱ्या बंद होतात आणि कित्येक सोमवारीही उघडत नाहीत.