सूर्यग्रहण : तीन आकृत्यांचा पाठ

‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक जुन्या पिढीने ऐकलेली आहे. राहू सूर्याला गिळतो या कथेच्या आधारे, ग्रहणकाळी दारोदार दान मागण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्याला आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा देऊन अशा लाचारीतून बाहेर पडण्याचा मार्ग दाखविला. म्हणूनच सक्करदरा येथील आमच्या निवासी विद्यालयात सूर्यग्रहणाचा पाठ केवळ परीक्षेपुरता शिकविला जात नाही.

पहिली आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात. चंद्राची गडद प्रच्छाया पडते तेथे खग्रास, तर भोवतीच्या विरळ उपच्छायेत खंडग्रास ग्रहण दिसते. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे. परंतु तो सुमारे ४०० पट दूरही असल्यामुळे आकाशात दोन्ही बिंबे जवळजवळ सारखी दिसतात. चंद्र पृथ्वीपासून अधिक दूर असेल, तर प्रच्छायेचे टोक जमिनीपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा ग्रहण कंकणाकृती होते.

येथे विद्यार्थी हमखास विचारतात, “मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही?” फळ्यावरील आकृतीत अंतरे प्रमाणात नसतात, म्हणून दुसरी आकृती मैदानावर काढावी लागते. १ सेंटीमीटर म्हणजे १,००० किलोमीटर मानले, तर पृथ्वी १३ सेंटीमीटरचा चेंडू, चंद्र साडेतीन सेंटीमीटरची गोटी आणि दोहोंतील अंतर ३.८ मीटर होते. सूर्य मात्र १४ मीटर व्यासाचा, दीड किलोमीटर दूर! चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने ही गोटी ३३ सेंटीमीटरपर्यंत वर किंवा खाली जाते. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना तिची सावली चेंडूला चुकवून जाते.

तिसऱ्या आकृतीत चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला छेदतो ते दोन बिंदू, म्हणजे पात, दाखवितो. अमावास्या पाताजवळ घडली तरच सूर्यग्रहण होते. भारतीय ज्योतिषात या पातांनाच राहू व केतू म्हणतात. ग्रहण हा छायेचा परिणाम आहे, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले होते. संयुत्तनिकायातील सुरिय सुत्तातही राहू येतो, हे आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. कथा कथा म्हणून वाचावी, आकृती तपासून पाहावी, एवढेच सांगतो. धम्म ‘एहिपस्सिक’ आहे, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे म्हणणारा आहे.

मात्र सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, एक्स-रे फिल्ममधून वा काजळी धरलेल्या काचेतून मुळीच पाहू नये. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, कागदावर पडणारी प्रतिमा पाहावी. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, नागपुरात ग्रस्त सूर्यच मावळला होता. पुन्हा असा दिवस येईल तेव्हा पालकांनी मुलांना उपाशी ठेवू नये, गरोदर लेकीसुनांना कोंडून ठेवू नये. आपल्या मुलाला वा मुलीला कागद-पेन्सिल देऊन ‘हे कसे घडते, काढून दाखव’ एवढे जरूर म्हणावे.