विम्यातील हॅझर्ड : धोका कशाने वाढतो?

मागच्या व्याख्यानात आपण जोखीम म्हणजे काय ते पाहिलं. आज दोन शब्द वेगळे करू : पेरिल आणि हॅझर्ड. नुकसान ज्यामुळे होतं ते पेरिल. ते होण्याची किंवा वाढण्याची शक्यता ज्यामुळे वाढते तो हॅझर्ड.

भिवंडीतला एखादा यंत्रमाग कारखाना घ्या. आग हे पेरिल. पण जुनी वायरिंग, कोपऱ्यात साचलेले सुताचे तंतू, दाराशी रचलेले तागे हे हॅझर्ड. डोळ्यांना दिसतात, म्हणून हे भौतिक हॅझर्ड. कंपनी पाहणी करते, सुधारणा सुचवते, जास्त प्रीमियम लावते. इथे हिशोब जमतो.

दुसरा मॉराल हॅझर्ड, म्हणजे बेफिकिरी. "विमा आहे ना, मग कशाला काळजी?" अग्निशामक सिलिंडर भरायचा राहून जातो. यात लबाडी नाही, पण धोका वाढतो. म्हणून नुकसानीचा थोडा वाटा ग्राहकावर ठेवतात. खासगी कारच्या विम्यात १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये सक्तीने आपल्याच खिशातून जातात. उलट, क्लेम न करणाऱ्याला ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० ते ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो.

तिसरा मॉरल हॅझर्ड. उच्चार जवळचा, अर्थ वेगळा : इथे हेतूच खोटा. न विकलेला माल मुद्दाम जाळणं, नुकसान फुगवून सांगणं, आजार लपवणं. अप्रामाणिक माणसाला प्रीमियम वाढवून काय फरक पडणार? म्हणून कंपनी प्रस्तावच नाकारू शकते.

आता आपल्या घरातली गोष्ट. जीवन विम्याचा फॉर्म बऱ्याचदा एजंट भरतो. "मधुमेह आहे का?" पुढे "नाही" लिहितो, आपण न वाचता सही करतो. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार, पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासून ३ वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती लपवल्याचं आढळलं, तर कंपनी ती पॉलिसी अमान्य करू शकते. ३ वर्षांनंतर मात्र कोणत्याही कारणावरून तिला आव्हान देता येत नाही.

सही आपली, पण भोगायचं मागे राहिलेल्यांनी. ज्या दिवशी पैशांची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी नकाराचं पत्र हातात पडतं. खरं सांगितलं तर हप्ता थोडा वाढेल, एवढंच. तेव्हा सहीआधी फॉर्म वाचा, आणि प्रत सांभाळून ठेवा.

पुढच्या वेळी परम सद्भावनेचं तत्त्व पाहू.