रातची लाईन

अंगणात बाजेवर कापूस पसरलाय. काकू त्यातला काडीकचरा निवडतायत. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर प्रश्नावली घेऊन गावातलीच ताई बसलीय. मी जरा मागे, उंबऱ्यापाशी. अमरावती जिल्ह्यातलं गाव, कार्तिकातली दुपार. "या बाई नुसत्या ऐकतीन, चालन ना?" ताईने विचारून घेतलंय. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं. माझी परवानगी ती एवढीच.

संमतीपत्र वाचून होतं. अंगठ्याची शाई पदराला पुसत काकू विचारतात, "यातून मले काय भेटन?"

"पैसे नाई भेटत, काकू."

हे सरळ सांगणं मला आवडतं. काकूंचा प्रश्नही रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी काका गेले तेव्हाही चौकशीला माणसं आली, कागद घेऊन गेली. कर्ज बिनपरवाना सावकाराचं निघालं, म्हणून शेतकरी आत्महत्येची १ लाखाची मदत नाही. शेरा : अपात्र.

ताईच्या मांडीवरची 'पीएचक्यू-९' ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पट्टी २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आता जगभर चालते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला? अजिबात नाही त्याला ०, जवळजवळ रोज त्याला ३. बेरीज १० झाली की पुढची विचारपूस.

तिसरा प्रश्न झोपेचा.

"लाईन रातची असते, पोरी. या हप्त्यात बाराले येते. मोटर चालू कराले मीच जातो. अन् मंग रानडुकरं. झोपू कवा?"

ताईचं पेन थबकतं. हे नैराश्य, की विजेचं वेळापत्रक? कागदावर त्याला चौकट नाही. ती पेन खाली ठेवते. "अन् दिवसाची लाईन असली तं?"

काकू कापसात अडकलेलं वाळकं पान सोडवत राहतात. पान चुरतं, बोटांना चिकटतं.

"तवाबी नाई."

३.

सातवा प्रश्न पेपर वाचताना, टीव्ही बघताना लक्ष लागतं का, असा. घरात पेपर येत नाही. ताई कागदाकडे न बघता विचारते, "वेचता वेचता मधीच थांबता का? आपन इथं कायले आलो, तेच आठवत नाई, असं?"

काकू चमकून वर बघतात. "तुले कोनं सांगतलं?"

शब्द असे बदलले की मोजणारे नाक मुरडणार. एका गावचे गुण दुसऱ्या गावाशी ताडून बघायचे, तर प्रश्न एकच हवा. त्यांचंही खरं. पण न कळलेल्या प्रश्नाचं उत्तर मोजण्यात कसला काटेकोरपणा?

याच जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'ने ते छापलं. घरोघर फिरणारी गावचीच माणसं होती, हे त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं. उरलेले कुठे अडकतात, ते असं अंगणात बसलं की दिसतं.

नवव्या प्रश्नाआधी ताई लेकीला पाणी आणायला पाठवते. खुर्ची बाजेजवळ ओढते. आवाज इतका खाली येतो की मला शब्द ऐकू येत नाहीत. उत्तर येतं.

"रोज नाई."

बेरीज १६.

"गुरुवारी तालुक्याले डॉक्टर येतात. गोळ्या देतीन." ताई 'गोळ्या' म्हणते, 'औषध' म्हणत नाही. औषध म्हणजे इकडे फवारणीचं. अमक्यानं औषध घेतलं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

"गुरुवारी वेचनी हाय."

एसटीचं तिकीट बायकांना २०२३ पासून अर्धं झालंय. बुडालेली मजुरी मात्र पूर्ण.

"मी येतो संगं," ताई म्हणते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिते. मग, जणू सहज, "फवारनीचं कुठं ठेवता?"

काकू उठतात. कोठीमागून बाटली काढून आणतात. "अर्धं बाकी हाय. बोंडअळी पडली तं लागन."

"लागन तवा माह्या घरून न्या."

ताई बाटली पिशवीत घालते, पिशवीला दोन गाठी मारते. लेक चहा घेऊन येते. काकू कप बाजेच्या खुराशी ठेवतात आणि पुन्हा कापूस निवडायला घेतात.